वयाची अट चालते, तब्येतीची नाही: अमेरिकेतल्या ५५+ वसाहतींत अपंगत्वाचे हक्क कसे मागावेत

न्यू जर्सीतल्या मनरो टाउनशिपपासून फ्लोरिडा, ॲरिझोना, कॅलिफोर्नियापर्यंत '५५+' वसाहतींत, म्हणजे पंचावन्न किंवा त्याहून मोठ्या वयाच्यांसाठी राखलेल्या वसाहतींत, आता भारतीय घरं सहज सापडतात, त्यांत मराठीही असतात. कुणी निवृत्तीनंतर मोठं घर विकून तिथे आलेलं असतं, कुणी आईवडिलांना भारतातून आणून स्वतःच्या घराजवळच्या वसाहतीत ठेवलेलं असतं. एकमजली घर, गवत कापायला माणूस, क्लबहाउसमध्ये पत्ते आणि महिन्यातून एकदा भजन. गुडघे, डोळे आणि स्मरणशक्ती साथ देतात तोवर सगळं सुरळीत चालतं.

पुढे कधीतरी वसाहतीचा कारभार बघणाऱ्या बोर्डाकडून किंवा मॅनेजमेंट कंपनीकडून अशी वाक्यं कानावर येतात: 'ही ॲक्टिव्ह ॲडल्ट वसाहत आहे, नर्सिंग होम नाही.' 'तुमची केअरगिव्हर पस्तिशीची आहे, तिला इथे राहता येणार नाही.' 'मोटरवाली व्हीलचेअर डायनिंग हॉलमध्ये आणू नका.' ऐकणारा ज्येष्ठ माणूस बहुधा मान डोलावतो आणि मुलाला फोन करतो. बहुतेक वेळा ही वाक्यं कायद्यात बसत नाहीत. ती का बसत नाहीत आणि तसं कळल्यावर काय करायचं, हे इथे क्रमाने मांडलं आहे.

आधी सवलत नेमकी कशाची, ते समजून घ्या

घर विकताना किंवा भाड्याने देताना भेदभाव करायला बंदी घालणारा फेअर हाउसिंग ॲक्ट १९६८ चा. १९८८ च्या दुरुस्तीने त्यात दोन गट आले: लहान मुलं असलेली कुटुंबं आणि अपंग व्यक्ती. मुलांच्या कुटुंबांना नाकारता येणार नाही असं ठरल्यावर ज्येष्ठांच्या वसाहतींचं काय, हा प्रश्न आलाच. म्हणून त्याच दुरुस्तीत ज्येष्ठांच्या घरांना सवलत दिली गेली, आणि १९९५ च्या हाउसिंग फॉर ओल्डर पर्सन्स ॲक्टने ती सवलत मिळवणं सोपं केलं.

ही सवलत फक्त मुलांच्या कुटुंबांविषयीच्या कलमापुरती आहे. ५५+ वसाहत सहा वर्षांचा मुलगा असलेल्या जोडप्याला 'नाही' म्हणू शकते. अपंगत्व, वंश, धर्म, मूळ देश यांबाबतचे सगळे नियम तिला इतर कुठल्याही अपार्टमेंट कॉम्प्लेक्सइतकेच लागू आहेत. वयाची अट घालता येते, तब्येतीची घालता येत नाही.

५५+ दर्जा टिकवायला वसाहतीला तीन गोष्टी कराव्या लागतात. राहत्या घरांपैकी किमान ८० टक्के घरांत निदान एक व्यक्ती ५५ किंवा त्याहून मोठी असली पाहिजे. ही ज्येष्ठांची वसाहत आहे असं धोरण जाहीर करून पाळलं पाहिजे. आणि रहिवाशांच्या वयाची पडताळणी निदान दर दोन वर्षांनी अद्ययावत केली पाहिजे. त्यामुळे पासपोर्ट किंवा ड्रायव्हिंग लायसन्सची प्रत मागितली तर खुशाल द्या, ते मागणं वैध आहे. त्याच फॉर्मवर 'आपल्याला कोणते आजार आहेत' असा रकाना असेल तर तो मात्र कोरा सोडा. ६२+ हा वेगळा आणि कडक प्रकार आहे, तिथे सगळेच रहिवासी ६२ किंवा त्याहून मोठे लागतात.

पहिली पायरी: तुमचं घर कोणत्या प्रकारात मोडतं

हे काम कंटाळवाणं वाटेल, पण खर्च कुणी करायचा हे यावरच ठरतं. भाड्याचं घर असेल तर लीज काढून बघा. कॉन्डो (मालकीचा फ्लॅट) किंवा एचओए (घरमालकांच्या संघटनेची वसाहत) असेल तर डीड, बायलॉज आणि 'सीसी अँड आर' नावाचा वसाहतीच्या नियमांचा जाडजूड दस्तऐवज मागवा. घराला केंद्र सरकारचं अनुदान आहे का, हे ऑफिसला स्पष्ट विचारा. अनुदान असेल तर १९७३ च्या रिहॅबिलिटेशन ॲक्टचं कलम ५०४ लागू होतं, आणि मग बांधकामातल्या बदलाचा खर्च साधारणपणे घर देणाऱ्यावर पडतो. असिस्टेड लिव्हिंग, म्हणजे रोजच्या कामांत मदत मिळते अशी राहण्याची सोय, हीही फेअर हाउसिंग ॲक्टखालीच येते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

१९९० चा अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला एडीए, खासगी वसाहतीच्या आतल्या भागाला सहसा लागू होत नाही. विक्री कार्यालय किंवा बाहेरच्या लोकांना भाड्याने मिळणारा क्लबहाउसचा हॉल अशा ठिकाणी तो येतो. बोर्डाला पत्र लिहिताना एडीएचा हवाला दिला की त्यांचा वकील 'तो कायदा आम्हाला लागू नाही' असं एका ओळीत उत्तर देऊन मोकळा होतो. म्हणून पत्रात नाव फेअर हाउसिंग ॲक्टचंच घ्या.

दुसरी पायरी: 'मी काय अपंग आहे का?'

आपल्या घरांत गाडी इथेच अडते. आयुष्यभर शाळा चालवलेली आई, कारखान्यात साहेब म्हणून राहिलेले वडील या शब्दाला तयार होत नाहीत. 'वय झालं की गुडघे दुखायचेच' असं म्हणून विषय संपवतात. कायदा मात्र वय बघत नाही, अडचण बघतो. चालणं, ऐकणं, बघणं, श्वास घेणं, स्वतःची कामं स्वतः करणं, विचार करणं अशा रोजच्या मोठ्या क्रियांपैकी एखादीही शारीरिक वा मानसिक कारणाने बरीच मर्यादित झाली असेल तर ती व्यक्ती कायद्याच्या व्याख्येत बसते. दहा पावलांवर थांबायला लावणारा संधिवात, पार्किन्सन्स, पक्षाघातानंतरचा अशक्तपणा, मॅक्युलर डिजनरेशन (नजर मंदावणारा डोळ्यांचा विकार), डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश), दीर्घकाळचं नैराश्य यांमुळे असं होऊ शकतं. पूर्वी असा त्रास होता म्हणून, किंवा तो आहे असा समज करून घेऊन कुणी नाकारलं, तरीही संरक्षण आहे.

नुसतं ७८ वर्षांचं असणं पुरत नाही. म्हणजे 'मी म्हातारा आहे, मला जवळचं पार्किंग द्या' हे मानायला वसाहत कायद्याने बांधील नाही. 'सीओपीडीमुळे (फुप्फुसांच्या जुनाट आजारामुळे) मला लांब चालता येत नाही, म्हणून जवळचं पार्किंग हवं' हे मानायला ती बांधील आहे. आईवडिलांना समजावताना मी एवढंच सांगेन की हा शब्द अर्जाच्या कागदापुरता आहे, घरात तो कुणी उच्चारणार नाही.

कायद्यात नागरिकत्वाची अट नाही. ग्रीन कार्डवरचे आजोबा आणि अमेरिकी नागरिक झालेले आजोबा, दोघांचा हक्क सारखाच.

तिसरी पायरी: घर घेण्याआधी

भाडेकरू किंवा खरेदीदाराला अपंगत्व आहे का, किती आहे, कशामुळे आहे, हे विचारायला फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, नियमांनुसार मनाई आहे. 'तुम्ही स्वतंत्रपणे राहू शकता ना?' हा प्रश्न कितीही गोड आवाजात आला तरी त्याच जातीचा. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या सरकारी गृहनिर्माण संस्थेने ज्येष्ठांच्या घरांसाठी स्वतंत्रपणे राहण्याच्या क्षमतेची अट ठेवली होती. १९९० मध्ये फेडरल न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. भाडं वेळेवर भरता येईल का, घर नीट ठेवाल का, हे सगळ्यांना विचारतात तसं तुम्हालाही विचारता येतं. ते तुम्ही मदतनीस ठेवून करता की एकटे, हा तुमचा प्रश्न. घरासोबत नर्सिंगसारखी सेवाही दिली जाते तिथे त्या सेवेपुरती तब्येतीची चौकशी होते, ती वेगळी.

घर बघायला जाताना मोजपट्टी घेऊन जा. चार किंवा अधिक घरं असलेल्या ज्या इमारतीत पहिला रहिवासी १३ मार्च १९९१ नंतर आला, तिथे लिफ्ट असेल तर सगळी घरं आणि नसेल तर तळमजल्यावरची घरं ठरावीक पद्धतीने बांधलेली असावी लागतात. प्रवेशद्वारापर्यंत पायरी नसलेला रस्ता, व्हीलचेअर जाईल असे दरवाजे, हाताच्या उंचीवर स्विच आणि थर्मोस्टॅट, ग्रॅब बार (धरायचे दांडे) पेलतील अशा बाथरूमच्या भिंती, व्हीलचेअर वळेल असं स्वयंपाकघर, आणि पोहोचता येतील अशी क्लबहाउस-टपालपेट्यांसारखी सामाईक ठिकाणं. दरवाजा उघडल्यावर मोकळी जागा साधारण ३२ इंच आणि आतली वाट ३६ इंच मिळाली पाहिजे. न मिळाल्यास तो बांधकामातला दोष असू शकतो, आणि तो दुरुस्त करायचा खर्च तुमच्या माथी मारण्याआधी प्रश्न विचारायला जागा आहे. स्वतंत्र बंगल्यांना हे बांधकामाचे नियम लागू नाहीत. ५५+ वसाहतींत असे बंगले फार असतात, त्यामुळे विक्रेता 'सगळं ॲक्सेसिबल आहे' म्हणाला तरी न्हाणीघराच्या दारात मोजपट्टी लावल्याशिवाय सही करू नका.

चौथी पायरी: नेमकं काय मागायचं

कायद्यात मागण्या दोन प्रकारच्या आहेत आणि त्यांची नावं पत्रात जशीच्या तशी यायला हवीत.

रीझनेबल अकोमोडेशन म्हणजे नियमात, धोरणात किंवा सेवेत केलेला अपवाद. पार्किंग 'आधी येईल त्याला' असं असताना तुमच्यासाठी दाराजवळची एक जागा राखणं, पाळीव प्राण्यांना बंदी असताना मदतनीस कुत्रा ठेवू देणं, वयाची अट असताना तरुण केअरगिव्हरला राहू देणं. यासाठी वेगळी फी किंवा डिपॉझिट घेता येत नाही.

रीझनेबल मॉडिफिकेशन म्हणजे बांधकामातला बदल: रॅम्प, रुंद दरवाजा, ग्रॅब बार, टब काढून सपाट शॉवर. खासगी घरांत हा खर्च साधारणपणे तुमचाच. घरमालकाने परवानगी नाकारायची नाही, एवढंच त्याच्यावर बंधन. मॅसॅच्युसेट्समध्ये दहा किंवा अधिक घरांच्या मालकावर राज्याच्या कायद्याने खर्चही टाकला आहे, म्हणून आपल्या राज्याचा कायदा बघितल्याशिवाय चेक फाडू नका. मूळ मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) ग्रॅब बारचे किंवा रॅम्पचे पैसे देत नाही, त्या भरवशावर राहू नका.

भाड्याच्या घरात जाताना पूर्ववत करून देण्याची अट मालक घालू शकतो, पण ती घराच्या आतल्या बदलांपुरती आणि तीही जिथे वाजवी असेल तिथेच. पुढच्या भाडेकरूला अडचण होईल असं काढून टाकलेलं कपाट परत लावून द्यावं लागेल. रुंद केलेला दरवाजा अरुंद करून मागणं हास्यास्पद आहे. बाहेरचा रॅम्प काढून टाका असं सांगता येत नाही. देखभालीचंही ठरलेलं आहे: रॅम्प एकट्या तुमच्या वापरातला असेल तर तो तुम्ही सांभाळायचा, आणि वसाहत एरवी सांभाळते अशा सामाईक जागेत तो असेल तर वसाहतीने.

पाचवी पायरी: पत्र

तोंडी मागणीही कायद्याने चालते, ठरावीक फॉर्मचीही सक्ती नाही. तरीही लेखीच द्या. 'मॅनेजरबाई फार चांगल्या आहेत, त्या म्हणाल्या करू' या भरवशावर आपली मंडळी सहा महिने काढतात, मग मॅनेजरबाई बदलतात आणि नव्या माणसाला काहीच माहीत नसतं. मुंबईतल्या सोसायटीत सेक्रेटरीला जिन्यात गाठून काम होत असेल, इथे कागद नसला तर मागणी झालीच नाही असं धरून चाला.

पत्र अर्थातच इंग्रजीत. मजकूर साधारण असा:

'प्रति, बोर्ड ऑफ डायरेक्टर्स आणि मॅनेजमेंट कंपनी. मी युनिट क्रमांक अमुकमध्ये राहते. मला चालण्यावर आणि तोल सांभाळण्यावर बरीच मर्यादा आणणारं अपंगत्व आहे. रात्री उठताना, आंघोळीला आणि औषधं घेताना मला दुसऱ्या व्यक्तीची मदत लागते. त्यामुळे फेअर हाउसिंग ॲक्टखाली मी रीझनेबल अकोमोडेशन मागत आहे: वयाच्या नियमाला अपवाद करून माझ्या केअरगिव्हरला माझ्यासोबत राहण्याची परवानगी द्यावी. डॉक्टरांचं पत्र सोबत जोडलं आहे. आणखी काही माहिती हवी असल्यास ती मला लेखी कळवावी. अमुक तारखेपर्यंत लेखी उत्तर मिळावं ही विनंती.'

चार वाक्यांत मागणी, तिचं कारण आणि दोन्हींमधला संबंध आला पाहिजे. यातला संबंधच लोक विसरतात. 'मला पार्किन्सन्स आहे' आणि 'मला केअरगिव्हर हवी' अशी दोन सुटी वाक्यं लिहितात. एकामुळे दुसरी का लागते ते लिहीत नाहीत. बोर्ड बरोबर तिथेच बोट ठेवतं.

डॉक्टरांचं पत्र कधी लागतं? अपंगत्व आणि गरज दोन्ही समोर दिसत असतील, उदाहरणार्थ व्हीलचेअरवरच्या माणसाने रॅम्प मागितला, तर काहीच पुरावा मागता येत नाही. अपंगत्व दिसतं पण गरज कळत नसेल तर गरजेपुरतीच माहिती मागता येते. दोन्ही दिसत नसतील, म्हणजे हृदयविकार किंवा सुरुवातीचा डिमेन्शिया, तर विश्वासार्ह व्यक्तीचं पत्र मागता येतं. ती व्यक्ती डॉक्टरच असली पाहिजे असं नाही. थेरपिस्ट, समाजसेवक, तुमची परिस्थिती जाणणारी दुसरी विश्वासार्ह व्यक्तीही चालते. भारतातल्या डॉक्टरांचं पत्र निरुपयोगी ठरत नाही, पण इथे तपासणाऱ्या डॉक्टरांचं पत्र दिलं तर वाद कमी होतो.

त्या पत्रात निदानाचं नाव, तपासण्यांचे रिपोर्ट, औषधांची यादी यांची गरज नाही. 'या व्यक्तीला अपंगत्व आहे, त्यामुळे अमुक कामं करता येत नाहीत, म्हणून अमुक सोय आवश्यक आहे' एवढं पुरे. आपल्याकडे उत्साहाच्या भरात पूर्ण फाइल स्कॅन करून पाठवायची सवय आहे. ती आवरा. जेवढी माहिती बोर्डाकडे जाईल तेवढी क्लबहाउसमध्ये चर्चेला येण्याचा धोका, जरी कायद्याने ती त्यांनी गोपनीय ठेवायची असली तरी.

ही मागणी मुलगा, सून, मुलगी कुणीही आईवडिलांच्या वतीने करू शकतं. पाठवताना ईमेल आणि पोचपावतीचं टपाल दोन्ही वापरा.

तरुण केअरगिव्हर: सगळ्यात मोठी लढाई

बोर्डाची भीती अशी असते: ५५ च्या आतली माणसं राहू लागली तर आपले ८० टक्के घसरतील आणि सवलतच जाईल. ही भीती निराधार आहे. एक तर ज्या घरात ७८ वर्षांच्या आजी राहतात ते घर तसंही ८० टक्क्यांत मोजलं जातं, केअरगिव्हर पस्तिशीची असो की विशीची. आणि अपंग रहिवाशाला रीझनेबल अकोमोडेशन देण्यासाठी आवश्यक असलेली ५५ च्या आतली व्यक्ती वसाहतीत राहत असली तरी वसाहतीचा दर्जा कायम राहतो, असं फेडरल नियमांतच लिहिलं आहे. पत्रात हा नियम उद्धृत करा: फेडरल नियमसंग्रहाचा २४ वा भाग (टायटल), कलम १००.३०५. वकिलाच्या पत्रापेक्षा हा आकडा कधीकधी जास्त काम करतो.

केअरगिव्हर कुटुंबातलीच असली तरी चालते. मुलगी नोकरी सोडून आईजवळ राहायला आली, तर तिला 'पाहुणी' म्हणून नोंदवू नका. पाहुण्यांना बहुतेक वसाहतींत वर्षाकाठी ठरावीक दिवसांची मर्यादा असते आणि ती संपली की दंडाची नोटीस येते. पहिल्या दिवसापासून तिची नोंद आईची केअरगिव्हर अशी करा, तीही लेखी. बोर्ड इतर प्रौढ रहिवाशांची करतं तशी पार्श्वभूमी तपासणी तिचीही करू शकतं. मात्र हे राहणं आईच्या गरजेशी बांधलेलं आहे. आई गेली किंवा नर्सिंग होममध्ये हलली तर केअरगिव्हर म्हणून तिला तिथे राहण्याचा हक्क उरत नाही. घर मुलीच्या नावावर असेल तर मालकी तिची राहते, पण वयाच्या नियमामुळे तिथे राहता येईलच असं नाही. कटू असलं तरी आधीच बोलून ठेवलेलं बरं.

नातवंडांचं काय, हा प्रश्न हमखास येतो. शस्त्रक्रियेनंतर तीन महिने आईजवळ राहणाऱ्या मुलीसाठी मागणी रास्त आहे. तिच्यासोबत आलेल्या आठ वर्षांच्या मुलासाठी तसं सरळ म्हणता येणार नाही, कारण वसाहतीला मिळालेली सवलत नेमकी त्या मुलाबाबतचीच आहे. इथे बोर्डाशी वाटाघाट करावी लागते, कायद्याचा धाक दाखवून उपयोग नाही.

अपंग प्रौढ मुलगा किंवा मुलगी आईवडिलांसोबत राहत असेल, तर आणखी एक दार आहे. बऱ्याच वसाहतींत घरातल्या सगळ्यांनाच किमान वयाची अट असते. कॅलिफोर्नियाच्या सिव्हिल कोडचं कलम ५१.३ ज्येष्ठांच्या वसाहतीत, अपंगत्वामुळे ज्याला आईवडिलांजवळ किंवा आजीआजोबांजवळ राहणं आवश्यक आहे अशा मुलाला वा नातवंडाला, कायम रहिवासी म्हणून राहण्याचा हक्क देतं. ऑटिझम असलेल्या तिशीतल्या मुलाचं आपल्यानंतर काय या चिंतेत असलेल्या मराठी जोडप्यांनी घर निवडण्याआधी आपल्या राज्यात अशी तरतूद आहे का, हे वकिलाकडून तपासून घ्यावं. इतर राज्यांत सर्वसाधारण रीझनेबल अकोमोडेशनचा मार्ग खुला असतोच, पण स्पष्ट लिहिलेलं कलम हाती असण्याची गोष्ट वेगळी.

व्हीलचेअर, डायनिंग हॉल, प्राणी

मोटरवाली स्कूटर इमारतीत आणायची तर विमा काढा, डिपॉझिट भरा, असं सांगतात. केंद्राच्या गृहनिर्माण व नगरविकास खात्याने, ज्याला सगळे 'हड' म्हणतात, न्याय खात्यासोबत २००४ मध्ये काढलेल्या संयुक्त निवेदनात असिस्टेड लिव्हिंगमधल्या अशाच स्कूटरचं उदाहरण आहे: परवानगी द्यायची, आणि त्यासाठी फी, डिपॉझिट किंवा विम्याची अट घालायची नाही. भिंतीला खरोखर ओरखडे पडले तर दुरुस्तीचे पैसे मागता येतात, इतकंच.

डायनिंग हॉलबद्दल एक प्रकरण लक्षात ठेवण्यासारखं. व्हर्जिनियातल्या नॉरफोक इथल्या हार्बर्स एज या निवृत्तांच्या वसाहतीत असिस्टेड लिव्हिंग आणि नर्सिंग विभागातल्या रहिवाशांना स्वतंत्र राहणाऱ्यांच्या डायनिंग हॉलमध्ये जेवायला बंदी केली होती. म्हणजे नवरा एका विभागात आणि बायको दुसऱ्या विभागात असली तर एकत्र जेवण बंद. न्याय खात्याने कारवाई केली आणि २०१५ मध्ये तडजोड झाली: बाधित रहिवाशांसाठी ३ लाख ५० हजार डॉलरचा निधी आणि ४० हजार डॉलर दिवाणी दंड. 'इतर रहिवाशांना आजारी माणसं बघून बरं वाटत नाही' हे नकाराचं कारण होऊ शकत नाही, आणि तुमची मागणी सर्वसाधारण सभेत मताला टाकणंही बरोबर नाही.

मदतनीस प्राण्यासाठी पेट फी लागत नाही. ऑनलाइन पन्नास-शंभर डॉलरला मिळणाऱ्या 'सर्टिफिकेट'च्या नादी लागू नका. त्याने काही सिद्ध होत नाही, उलट संशय वाढतो.

उत्तर आलं नाही, किंवा नकार आला तर

उत्तर किती दिवसांत द्यायचं याचा आकडा फेडरल कायद्यात नाही, पण विनाकारण लांबवणं हा नकारच मानला जाऊ शकतो. दोन आठवडे झाले की आठवणीचं पत्र पाठवा, आधीच्या पत्राच्या तारखेसह.

बोर्डाला नकार देता येतो तो मोजक्या कारणांनी: मागणीचा अपंगत्वाशी संबंध नाही, खर्च किंवा प्रशासनाचा बोजा झेपण्याबाहेरचा आहे, वसाहतीच्या कामाचं स्वरूपच बदलेल, किंवा दुसऱ्यांच्या जिवाला वा मालमत्तेला ठोस धोका आहे. उदाहरणार्थ, वाहतुकीची सेवाच न देणाऱ्या वसाहतीला तुम्ही 'मला दुकानात नेऊन सामान आणून द्या' म्हणालात तर ती नाही म्हणू शकते. पण तिथे संवाद संपत नाही. सामान आणून देणाऱ्या स्वयंसेवकाला तुमच्या दाराजवळ गाडी लावू देणं हा पर्याय त्यांना द्यावा लागेल. म्हणून नकार आला की पहिला प्रश्न लेखी विचारा: 'मग यावर तुमचा पर्याय काय?' यावरचं मौन पुढे पुरावा म्हणून कामी येतं.

तरीही हलत नसेल तर तक्रार. हडकडे तक्रार घटनेपासून एक वर्षाच्या आत करायची, ती मोफत आहे, वकील लागत नाही. फोन १-८००-६६९-९७७७, किंवा त्यांच्या संकेतस्थळावर. चौकशी शक्यतो १०० दिवसांत पूर्ण करावी असं कायदा म्हणतो. 'शक्यतो' या शब्दावर फार भिस्त ठेवू नका. फेडरल न्यायालयात थेट जायचं तर मुदत दोन वर्षं, आणि हडची चौकशी चालू असतानाचा काळ त्यात धरत नाहीत. राज्याच्या मुदती वेगळ्या: न्यू जर्सीत डिव्हिजन ऑन सिव्हिल राइट्सकडे १८० दिवसांतच जावं लागतं. मनरो, एडिसन परिसरातल्या मंडळींनी ही तारीख कॅलेंडरवर लिहूनच ठेवावी, कारण 'बघू, अजून वर्ष आहे' म्हणताना ती निघून जाते.

तक्रार केली म्हणून दंड लावणं, धमकावणं, लीज न वाढवणं हा स्वतंत्र कायदेभंग ठरतो आणि त्याचीही तक्रार करता येते. 'कशाला वाईटपणा घ्यायचा, इथेच राहायचंय' ही भीड मला कळते, पण बहुतेक बोर्डांवर कायदा न वाचलेले निवृत्त शेजारीच असतात. नीट लिहिलेलं पत्र त्यांच्या वकिलाकडे गेलं की तोच त्यांना गप्प बसवतो. माझ्या मते निम्म्या प्रकरणांत तक्रारीपर्यंत जायचं कारणच नसतं.

मंजुरी मिळाली तर ती ईमेलमधल्या 'ओके' वर सोडू नका. युनिट क्रमांक, केअरगिव्हरचं नाव, मंजूर झालेली सोय आणि तारीख असलेलं पत्र मागा, आणि पुढे केअरगिव्हर बदलली तर फक्त नाव कळवावं लागेल, नवा अर्ज नाही, हे त्यातच लिहून घ्या. मॅनेजमेंट कंपनी बदलली की जुन्या कंपनीची फाइल बहुधा गहाळ होते, म्हणून एक प्रत घरी आणि एक दुसऱ्या गावात राहणाऱ्या मुलाकडे असू द्या.